येलची फुकट व्याख्यानं, अशोक चौकातून

येल विद्यापीठातला पॉल ब्लूम यांचा मानसशास्त्राचा कोर्स. २००७ची २० व्याख्यानं, सगळी फुकट. मी पाचवं आणि सहावं पाहिलं: बाळांचा विचार आणि भाषा. इंग्रजी भरभर आहे, पण लिखित मजकूरही मिळतो. भाकरी थापता थापता ऐकायची गोष्ट नाही, एवढं खरं.

भाषेवरचं ऐकून भाषातज्ज्ञ जीन बर्को यांची १९५८ची चाचणी आठवली: मुलांना बनावट शब्द सांगायचा आणि त्याचं अनेकवचन विचारायचं. अशोक चौकाजवळच्या आमच्या बालवाडीत करूनच पाहिली. फळ्यावर वेडंवाकडं पाखरू काढलं. "हा भुटका. आता आणखी एक आला, मग दोन काय?" बहुतेक पोरं ओरडली, "भुटके!" घरी तेलुगू बोलणारी एक चिमुरडी मात्र ठसक्यात म्हणाली, "भुटकालु!" कधी न ऐकलेल्या शब्दाला नियम लावला, तोही घरचा. खडू तिलाच देऊन टाकला.