‘आमच्याकडे तर चालतंय’वरचा उतारा: प्रोसेस मॉनिटर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. विंडोजवर डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहून ते दुसऱ्याच्या मशीनवर बसवणाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये प्रोसेस मॉनिटर, म्हणजे प्रोग्राम विंडोजकडे काय मागतो ते दाखवणारं हत्यार, असायलाच हवं. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि फोनवर डोकं फोडून जे कळत नाही ते डोळ्यांसमोर आणतं. तरी माझ्याकडून पाचपैकी चारच तारे. एक तारा का कापला, तेही सांगतो.

माझं गिऱ्हाईक दोन जातीचं. एक लासलगाव-पिंपळगावकडचे कांदा व्यापारी: भुईकाट्यावरून वजन घ्यायचं, काटापट्टी छापायची, हमाली-तोलाई वजा करून हिशोबपट्टी काढायची. दुसरे नाशिकच्या अंबड आणि सातपूरचे लहान वर्कशॉपवाले: स्टॉक, चलन, मोठ्या कंपनीकडून आलेली एक्सेलमधली ऑर्डर वाचणं. बहुतेक काम सी-शार्प भाषेत, विंडोजच्या खिडक्या बनवणाऱ्या विनफॉर्म्सवर, काही ठिकाणी मायक्रोसॉफ्टची जुनी व्हीबी-सिक्स भाषा अजून तग धरून आहे. ‘हे सगळं वेबवर का नेत नाही?’ असं पुण्याचे मित्र विचारतात. त्यांनी हंगामात एकदा खळ्यावर येऊन उभं राहावं. नेट गेलं म्हणून ट्रॅक्टरची रांग थांबत नाही, आणि काट्याचा इंडिकेटर अजून सिरियल केबलनेच बोलतो.

या धंद्यात कोडपेक्षा मशीनच जास्त छळतं. तोच प्रोग्राम माझ्याकडे चालतो, त्यांच्याकडे नाही. फरक कुठे आहे ते दाखवणारं काहीतरी लागतं, आणि प्रोसेस मॉनिटर नेमकं तेच करतं: प्रत्येक प्रोग्रामने कोणती फाइल मागितली, रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगच्या वहीची) कोणती किल्ली उघडली, कोणती डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) शोधली आणि विंडोजने काय उत्तर दिलं, हे ओळीने मांडतं. सिसइंटर्नल्स या संचातलं हे हत्यार. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्स सुरू केलं, २००६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने घेतलं. पूर्वी फाइलसाठी फाइलमॉन आणि रजिस्ट्रीसाठी रेजमॉन अशी दोन वेगळी हत्यारं होती, त्यांची जागा याने घेतली.

माझं मत कायमचं बनलं ते एका कांद्याच्या खळ्यावर. तक्रार विचित्र होती. शेठ बसले की हमालीचा दर एक, मुनीम बसला की दुसरा. मशीन तेच, प्रोग्राम तोच, फक्त विंडोजचं लॉगिन वेगळं. शेठना मुनीमावर संशय, मुनीमाला सॉफ्टवेअरवर. ‘भाऊ, याच्यात कुणीतरी हात घातलाय,’ असं शेठ मला बाजूला घेऊन सांगून गेले. प्रोसेस मॉनिटर लावलं, चाळणीत प्रोग्रामचं नाव टाकलं, दर बदलून सेव्ह केलं. पाथच्या रकान्यात फाइलचा पत्ता प्रोग्राम फाइल्समधला नव्हताच. तो होता त्या लॉगिनच्या अ‍ॅपडेटाखालच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमधला.

झालं होतं असं. प्रोग्राम व्हीबी-सिक्सचा, ३२ बिटचा, आणि दर साठवायची आयएनआय (सेटिंगची साध्या मजकुराची) फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये, स्वतःच्या शेजारी. एक्सपीच्या काळात सगळेच तसं करायचे, कारण जो तो अ‍ॅडमिन होता. व्हिस्टापासून अ‍ॅडमिनने उघडलेला प्रोग्रामही एरवी साध्या युजरच्या हक्कांनीच चालतो, आणि साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नाही. पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून विंडोज ३२ बिट प्रोग्रामचं असं लिखाण गुपचूप त्या त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं. प्रोग्रामला वाटतं लिहिलं, आणि प्रत्येक लॉगिनची फाइल मात्र स्वतंत्र. फाइल प्रोग्रामडेटात हलवली, तिथे दोघांना लिहिण्याची परवानगी दिली, दर एक झाला. मुनीमाने त्या दिवशी चहा मागवला तो खास माझ्यासाठी.

याचं दुसरं टोकही ध्यानात ठेवा. हाच प्रोग्राम ६४ बिट करून बांधला, किंवा मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात) परवानगीची पातळी लिहिली, की ही वळवावळवी बंद होते आणि थेट ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. ‘नवीन व्हर्जन टाकल्यापासून सेटिंग सेव्ह होत नाही’ ही तक्रार बहुधा यातलीच.

वर्कशॉपवाल्यांकडचं नेहमीचं दुखणं म्हणजे ३२ आणि ६४ बिटचा घोळ. एक्सेल वाचताना ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’. ऑफिस समोर बसवलेलं दिसतंय, एक्सेल उघडतंय, आणि प्रोग्राम म्हणतो एसीई प्रोव्हायडर (एक्सेलची फाइल वाचून देणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) नाही. प्रोसेस मॉनिटरमध्ये पाहिलं की प्रोग्राम रजिस्ट्रीत ‘वॉव ६४३२ नोड’च्या, म्हणजे ३२ बिट प्रोग्रामसाठीच्या कप्प्याच्या, खाली शोधत फिरताना दिसतो. म्हणजे तो ३२ बिटचा आणि ऑफिस ६४ बिटचं. ऑफिस २०१९ पासून आपोआप ६४ बिटच बसतं, म्हणून नवा कॉम्प्युटर आला की हा फोन ठरलेला. उपाय म्हणजे प्रोग्राम ऑफिसच्या बिटचा करणं. मी तर आता एसीईचा नादच सोडला. एक्सएलएसएक्स फाइल क्लोज्ड-एक्सएमएल या लायब्ररीने थेट वाचतो, मशीनवर ऑफिस असो वा नसो.

डीएलएलची तक्रारही अशीच फसवी. ‘अनएबल टू लोड डीएलएल, द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड.’ फाइल तर फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते! प्रोसेस मॉनिटर दाखवतं की ती डीएलएल सापडलीही आणि उघडलीही. तिच्या पुढच्या ओळींमध्ये मात्र व्हीसीरनटाइम-१४० या दुसऱ्या डीएलएलसाठी एकामागून एक फोल्डरमध्ये ‘नेम नॉट फाउंड’. गहाळ आहे ती दुसरीच, जिच्यावर पहिली अवलंबून आहे. व्हिज्युअल सी-प्लस-प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, तेही योग्य बिटचं, आणि मोकळे व्हा.

आपल्या मराठी मंडळींसाठी एक खास किस्सा. एका व्यापाऱ्याने डेस्कटॉपवर ‘हिशोब’ नावाचं देवनागरी फोल्डर करून डेटा त्यात हलवला. प्रोग्राम उघडेना. प्रोसेस मॉनिटरमध्ये पाथ पाहिला तर फोल्डरच्या नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं आणि उत्तर ‘नेम इनव्हॅलिड’. जुन्या प्रोग्रामला युनिकोड (सगळ्या लिपींची एकच अक्षरयादी) कळत नाही, देवनागरी अक्षर त्याच्या कोडपेजमध्ये (स्वतःच्या छोट्या अक्षरयादीत) नसलं की तो तिथे प्रश्नचिन्ह टाकतो, आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही. रीजन सेटिंगमध्ये युनिकोडसाठी यूटीएफ-८ चा एक बीटा पर्याय आहे, पण तो सगळ्या मशीनला लागू होतो आणि दुसरंच जुनं सॉफ्टवेअर रुसतं. मी फोल्डरचं नाव इंग्रजी करून सुटलो.

आता वापरायची रीत. सुरू केल्या केल्या लाखो ओळी धो धो येऊ लागतात आणि नवखा माणूस तिथेच विंडो बंद करतो. कंट्रोल-ई दाबून नोंद थांबवा, कंट्रोल-एक्सने पाटी पुसा, कंट्रोल-एलने चाळणी लावा, मग नोंद चालू करून चूक घडवा आणि लगेच थांबवा. टूलबारवरचं निशाण्याचं चिन्ह प्रोग्रामच्या विंडोवर ओढून सोडलं तर चाळणी आपोआप लागते. ‘नेम नॉट फाउंड’ दिसलं की घाबरायचं नाही, निरोगी प्रोग्राममध्येही त्या ओळी शेकड्यांनी असतात. ‘बफर ओव्हरफ्लो’ पाहून तर एका गिऱ्हाइकाच्या पुतण्याने व्हायरस आल्याचं जाहीर करून टाकलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की प्रोग्रामने दिलेली जागा कमी पडली, तो मोठी जागा घेऊन पुन्हा विचारेल. बघायचं ते शेवटून वर: चूक दाखवणारा संदेश आला त्याच्या अगदी आधी काय मागितलं आणि काय मिळालं.

आणि ‘शेअरिंग व्हायोलेशन’ किंवा ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असेल तर प्रोसेसची चाळणी काढून पाथची लावा. गुन्हेगार बहुधा आपला प्रोग्राम नसतो, त्या फाइलला हात लावणारा दुसराच कुणी असतो. एका ठिकाणी एसक्यूलाइटची (एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची) फाइल क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये होती, दुसरीकडे अँटिव्हायरस प्रत्येक नव्या पीडीएफवर झडप घालत होता. दोन्ही नावं पाथच्या चाळणीने मिनिटाभरात उघडी पडली. एसक्यूलाइटचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची रीत) लावून सुटका होईल असं वाटत असेल तर एक लक्षात घ्या: नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये तो चालत नाही. तीन काउंटरवरून एकच फाइल उघडायची असेल तर सरळ एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस घ्या.

आता कापलेला तारा.

पहिलं म्हणजे हे अ‍ॅडमिनशिवाय चालत नाही, कारण आत ड्रायव्हर बसवतं. काही कारखान्यांमध्ये आयटीवाला अ‍ॅडमिन पासवर्ड देत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे. दुसरं, चार जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर नोंद चालू ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत मशीन गुदमरलेलं असतं. फिल्टर मेनूतलं ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’ लावा आणि नोंद बॅकिंग फाइलमध्ये डिस्कवर वळवा. तिसरं, डॉटनेटच्या (सी-शार्पमधल्या) प्रोग्रामला स्टॅकच्या (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या उतरंडीच्या) टॅबमध्ये आपल्या फंक्शनची नावं मिळत नाहीत, नुसते पत्ते. कोणत्या ओळीने ती फाइल मागितली ते शोधायला पुन्हा व्हिज्युअल स्टुडिओतच जावं लागतं.

आणि मोठं म्हणजे, प्रोग्राम गोठला असेल तर हे मुकं आहे. गोठलेला प्रोग्राम काही मागतच नाही, मग ओळी कुठून येणार? काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सर्रास होतं. मापारी ‘बंद करा’ बटण दाबतो आणि खिडकी पांढरी पडते. तिथे याच संचातलं प्रॉकडम्प कामाला येतं. एच हा पर्याय दिला की खिडकी पाच सेकंद प्रतिसाद देईनाशी झाल्यावर ते डम्प, म्हणजे प्रोग्रामच्या त्या क्षणाचा जणू फोटो, काढून ठेवतं, जोडीला एमए दिला तर पूर्ण मेमरीसकट. टास्क मॅनेजरनेही डम्प निघतो, पण ६४ बिट टास्क मॅनेजरने काढलेला ३२ बिट प्रोग्रामचा डम्प वाचताना फेस येतो, म्हणून प्रॉकडम्पच बरं.

तो डम्प व्हिज्युअल स्टुडिओत उघडून पॅरलल स्टॅक्स ही खिडकी पाहिली की भांडण दिसतं. सिरियल पोर्टवर डेटा आल्याची सूचना वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या वेगळ्या धाग्यावर) येते. त्या थ्रेडवरून थेट टेक्स्टबॉक्सला हात लावला तर ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’, म्हणून लोक ते काम मुख्य थ्रेडकडे सोपवणारं इन्व्होक वापरतात. इन्व्होक मुख्य थ्रेड मोकळा होण्याची वाट पाहतं, आणि मुख्य थ्रेड पोर्ट बंद करताना त्याच सूचनेचं काम संपण्याची वाट पाहत असतो. दोघंही ‘पहिले आप’. इन्व्होकच्या जागी वाट न पाहणारं बिगिन-इन्व्होक लिहिलं की गाठ सुटते. बटणाच्या क्लिकमध्ये असिंक (उत्तर नंतर देणाऱ्या) फंक्शनला डॉट-रिझल्ट लावून बसलेल्यांचंही असंच होतं, त्यांनी शेवटपर्यंत अवेटच वापरावं.

काही आजारांना तर याहून साधं औषध पुरतं. प्रोग्राम गपकन बंद पडतो, संदेशही येत नाही? आधी इव्हेंट व्ह्यूअरमधला अ‍ॅप्लिकेशन लॉग बघा. डॉटनेट रनटाइमची १०२६ क्रमांकाची नोंद असेल तर एक्सेप्शनचं, म्हणजे झालेल्या चुकीचं, नाव आणि स्टॅक तिथे आयता लिहिलेला असतो. दुपारनंतर बटणांवर लाल फुल्या दिसायला लागल्या तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्स (चित्र काढायला विंडोजकडून घेतलेल्या वस्तू) हा रकाना चालू करा. आकडा १०,००० कडे सरकत असेल तर तीच एका प्रोसेसची ठरलेली मर्यादा आहे, आणि कोडमध्ये कुठेतरी फॉन्ट, ब्रश किंवा बिटमॅप डिस्पोज होत, म्हणजे परत दिला जात, नाहीये.

पट्टीच्या बेरजेत रुपयाचा फरक आला तर मात्र कुठलंच हत्यार नको. सी-शार्पचं मॅथ राउंड बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणजे २.५ चे २ होतात. शेतकरी कॅल्क्युलेटरवर ३ काढतो आणि काउंटरवर आवाज चढतो. मिडपॉइंट राउंडिंगमध्ये अवे-फ्रॉम-झिरो लिहा, आणि पैशांसाठी डबल हा संख्येचा प्रकार नको, डेसिमल.

शेवटी गिऱ्हाइकाच्या बाजूने दोन शब्द. प्रोसेस मॉनिटरच्या नोंदीत त्या मशीनवरच्या फाइलींची आणि युजरची नावं असतात, आणि पूर्ण डम्पमध्ये तर त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं, पासवर्डसकट. मी आधी विचारतो, काम झालं की त्यांच्यासमोर पुसतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत नाही. आपल्या बाजूने करायचं ते इतकंच: गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रत्येक बिल्डच्या पीडीबी (कोडच्या ओळींचा माग ठेवणाऱ्या) फाइली जपून ठेवा. तोच कोड नंतर पुन्हा बांधून निघालेली पीडीबी जुन्या डम्पला जुळेलच असं नाही, आणि ती जुळली नाही की ओळ क्रमांकही मिळत नाहीत.