परत आलेला माणूस: ‘सोलारिस’, ‘रोडसाइड पिकनिक’ की ‘अ‍ॅनायहिलेशन’?

‘सोलारिस’मध्ये एका बाईच्या अंगावरचा झगा काढायचा असतो आणि तो निघत नाही. समोरची बटणं नुसती शोभेची, मागे चेन नाही, हूक नाही. शेवटी कापावाच लागतो. कारण ही बाई, हारी, दहा वर्षांपूर्वी मेलेली आहे. आता समोर आहे ती नवऱ्याच्या आठवणीतून घडवलेली, आणि नवऱ्याला झगा आठवतो, तो कसा उघडतो ते आठवत नाही. विचित्र विज्ञानकादंबरी म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी व्याख्या न सांगता हा झगा सांगतो.

आधी कुठली घेऊ, असं विचारणारे बहुतेकदा या तिघींतच अडकलेले असतात. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांची ‘सोलारिस’ १९६१ची, रशियन स्त्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ १९७२ची आणि अमेरिकन जेफ वँडरमीर यांची ‘अ‍ॅनायहिलेशन’ २०१४ची. तिन्ही साधारण दोनशे पानांच्या, त्यामुळे जाडी बघून ठरवता येणार नाही. तिघींतही परकं काहीतरी पृथ्वीवर किंवा पृथ्वीबाहेर पसरलेलं आहे आणि त्याचा सरळ उलगडा होत नाही. नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेल्यांना शेवटी कोडं सुटण्याची सवय असते. ती सवय दाराबाहेर काढून ठेवूनच आत यावं.

एक गोष्ट मात्र तिन्हींत आहे, आणि निवड करायची तर मी तिच्यावरून करेन. तिन्हींत गेलेलं माणूस घरी परत येतं.

‘सोलारिस’मध्ये ते सगळ्यात जवळ येतं. ग्रहावर एकच सजीव आहे, अख्खा महासागर. वर तरंगणाऱ्या स्थानकावर माणसं झोपली की हा महासागर त्यांच्या मनात खोल बोचत असलेलं काहीतरी देह देऊन दारात उभं करतो. हारीचा नवरा केल्विन घाबरून पहिल्या हारीला रॉकेटमध्ये बसवून पाठवून देतो. दुसरी येते, तिला पहिलीचं काही ठाऊक नसतं. मग आपण हारी नाही आहोत हे तिला हळूहळू उमगत जातं, आणि इथून पुस्तक तिचं होतं. लेमची खरी युक्ती मात्र ग्रंथालयात आहे. पानंच्या पानं केल्विन ‘सोलारिसशास्त्रा’चे जुने ग्रंथ वाचत बसतो. समुद्र उसळून जे प्रचंड आकार घडवतो त्यांना मिमॉइड, सिमेट्रिअ‍ॅड अशी नावं, त्यांची वर्गीकरणं, त्यावरून तट पडलेले विद्वान. नावं वाढत जातात, कळत काहीच नाही. ही प्रकरणं अनेकांना कंटाळवाणी वाटतात, मलाही पहिल्यांदा वाटली होती. आपल्याकडच्या एखाद्या परिसंवादात बसून आलात की ती विनोदी वाटू लागतात.

‘रोडसाइड पिकनिक’ची भाषा याच्या नेमकी उलटी, गुत्त्यातली. परके येऊन गेले, थांबलेसुद्धा नाहीत, मागे सहा धोकादायक पट्टे, ‘झोन’, राहिले. त्यातून वस्तू चोरून आणून विकणारा रेड हा ‘स्टॉकर’. विज्ञान त्याच्या हाताशी नाही, नट-बोल्ट आहेत. पुढे नट फेकायचा, कसा पडतो बघायचं, अचानक जमिनीत घुसला तर तिकडून जायचं नाही. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात ना, तसं हे ज्ञान: कारण माहीत नाही, वाट माहीत आहे. वस्तूंची नावंही धंद्यातली. ‘रिकामं’ म्हणजे दोन चकत्या, मधे काहीच नाही, तरी त्या ना जवळ येतात ना दूर होतात. ‘चेटकिणीची जेली’ पायाला लागली तर हाडाचं रबर होतं. लेमचे विद्वान नावं देऊन थांबतात. इथली नावं चुकली तर माणूस मरतो.

माझ्या मते या कादंबरीतलं सगळ्यात भयानक दृश्य पहिल्याच प्रकरणात आहे आणि त्यात काहीच घडत नाही. झोनमध्ये रेडच्या सोबत्याच्या, किरिलच्या, पाठीला चंदेरी जाळ्यासारखं काहीतरी लागतं. रेड बघतो, बोलत नाही. दोघं सुखरूप बाहेर येतात. काही तासांत किरिल हृदय बंद पडून मरतो. ते जाळ्यामुळेच झालं असं लेखक कुठेही म्हणत नाहीत. रेड मात्र जन्मभर तसं धरून चालतो.

आणि परत येणारा? रेडचा मेलेला बाप स्मशानातून उठून घरी येतो. कुणी किंचाळत नाही. पाहुणा आला की त्यालाही टेबलाशी बसवतात, त्याच्याही हाती ग्लास देतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरातल्या वाचकाला हे दृश्य कदाचित मूळ रशियन वाचकापेक्षा वेगळं लागेल. भय कमी, पोटात कालवाकालव जास्त. निवेदनाची रचनाही पाहण्याजोगी आहे: पहिलं प्रकरण रेड ‘मी’ म्हणून सांगतो, पुढे हा ‘मी’ हरवतो आणि एक प्रकरण तर दुसऱ्याच माणसाच्या नजरेतून येतं. पिकनिकची उपमा त्याच प्रकरणात, गप्पांच्या ओघात येऊन जाते. रस्त्याकडेला सहल करून माणसं निघून गेली, आता उरलेल्या तेलाच्या डागांकडे आणि कचऱ्याकडे रानातले पशुपक्षी-किडे बघतायत, ते आपण.

‘अ‍ॅनायहिलेशन’मध्ये कुणाला नावच नाही. चार बायका ‘एरिया एक्स’ नावाच्या निर्मनुष्य प्रदेशात शिरतात: जीवशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि सर्वेक्षक. जीवशास्त्रज्ञ लिहीत जाते. जमिनीत खाली उतरणाऱ्या बांधकामाला बाकीच्या बोगदा म्हणतात, ही हट्टाने ‘मनोरा’ म्हणते. भिंतीवर जिवंत बुरशीने वाक्य लिहिलेलं असतं. ती वाकून वाचते आणि बीजाणू श्वासातून आत जातात. तिथून पुढे निवेदिकेवर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. ती खोटं बोलते म्हणून नव्हे; ती बदलत चालली आहे म्हणून. तिचा आधीच्या मोहिमेवर गेलेला नवरा एका रात्री स्वयंपाकघरात उभा दिसतो, शांत, आतून पुसला गेल्यासारखा, आणि सहा महिन्यांत कर्करोगाने जातो. हारी माणूस होत जाते, हा नवरा माणूस राहत नाही. फ्लोरिडातल्या सेंट मार्क्स अभयारण्यावर बेतलेली दलदल, बोरू, दीपगृह यांचं वर्णन तिन्हींत सर्वात सुंदर. संवाद मात्र कोरडे. पुढचे दोन भाग त्याच वर्षी आले, चौथा २०२४मध्ये. ते वाचलेच पाहिजेत असं मला वाटत नाही.

तर, सुरुवात ‘पिकनिक’ने करा. ती सर्वात वेगाने वाचून होते आणि विचित्रपणा भाकरीच्या प्रश्नाला बांधलेला असल्याने पाय जमिनीवर राहतात. नुकतंच जवळचं कुणी गेलं असेल, तर ‘सोलारिस’ वर्षभर लांबवा, हे मी गंमतीत म्हणत नाही. एरवी तिघींत श्रेष्ठ तीच. रानात एकटं फिरायला आवडणाऱ्याने ‘अ‍ॅनायहिलेशन’ आधी घेतली तरी हरकत नाही.

इंग्रजी प्रत घेताना आत एकदा बघून घ्या. ‘सोलारिस’चं १९७०चं भाषांतर फ्रेंचवरून केलेलं आहे, त्यात हारीची ‘रेया’ झाली आहे. थेट पोलिशवरून केलेलं बिल जॉन्स्टन यांचं भाषांतर २०११चं, ते ऐकायला आणि ई-बुक म्हणून मिळतं. ‘पिकनिक’चं २०१२चं ओलेना बोर्माशेंको यांचं घ्या, शेवटी बोरिस स्त्रुगात्स्की यांनी सेन्सॉरशी झालेली झटापट सांगितली आहे. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीने या दोन्हींवर चित्रपट केले, १९७२ आणि १९७९मध्ये. ‘पिकनिक’वरचा ‘स्टॉकर’ आधी पाहिलात तरी पुस्तकाचं फारसं काही फुटत नाही, इतका तो वेगळ्या वाटेने जातो.