जुनी गाडी दान करावी, की विकून पैसे द्यावेत?

बाबांची 2009 ची सँट्रो दादरला बिल्डिंगखाली उभी राहून टायर बसलेली, वायपरमध्ये कबुतरांची पिसं. आई म्हणाली, "विकून कितीसे येणार? एखाद्या संस्थेला दे, पुण्य तरी लागेल."

ऐकायला छान. पण देणगीवरची आयकर सवलत (80जी म्हणून ओळखली जाणारी) फक्त पैसे दिले तर मिळते, वस्तूवर नाही. त्यापेक्षा मोठी डोकेदुखी आरसीची. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत कागदोपत्री मालक आपणच. ई-चलान आपल्या मोबाइलवर येणार, आणि अपघात झालाच तर भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावर येते. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये तसंच म्हटलंय. शिवाय संस्थेने ती ठेवायची कुठे? मुंबईत माणसाला जागा नाही. इन्शुरन्स, पीयूसी, गॅरेज, सगळा खर्च तिच्याच गळ्यात. शेवटी संस्थाही गाडी डीलरलाच विकणार, मग मधली खटपट कशाला?

विकण्यातही नाव बदलून घ्यायची कटकट आहेच. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं, त्यावर आरसी रद्द करून घेता येते. आलेली रक्कम चेकने किंवा यूपीआयने द्यायची. 2,000 रुपयांवर रोख दिली तर सवलत नाही. नव्या कररचनेत असाल, तर तसंही काही नाही.

संस्थेकडे ड्रायव्हर असेल आणि पेशंटची ने-आण करायची असेल, तर मात्र गाडीच द्या. तीही धडधाकट असेल तर. आमची धक्का मारल्याशिवाय सुरू होत नव्हती.

डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा आईने काढून घेतला.