चित्र बघायचा किट: कार्डं ठीकठाक, पुठ्ठ्याची खिडकी मात्र भारी

मुलांना निसर्गचित्र नीट बघायची सवय लागावी म्हणून हा किट घेतला, घरात सात वर्षांची मुलगी आणि दहाचा मुलगा. आत चार-पाच चित्रांच्या प्रिंट, प्रश्नांची कार्डं, वाळूचं घड्याळ आणि काडेपेटीएवढं भोक पाडलेला काळा पुठ्ठा.

कार्डांचं आधी सांगून टाकते. निम्मी "हे चित्र बघून तुला काय वाटतं?" छापाची. पोरगा म्हणाला "छान", संपला विषय! अहो पण त्याने अजून बघितलंच कुठंय, वाटणार काय डोंबल.

खरी मजा त्या पुठ्ठ्याची. ब्रॉयगेल या चित्रकाराचं १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र घेतलं, पुठ्ठा वर ठेवला आणि म्हटलं भोकातून दिसतं तेवढंच सांगायचं. अख्खं चित्र समोर असलं की मुलं "बर्फ, झाडं, माणसं" म्हणून मोकळी होतात, इथे पळवाटच नाही ना. सरकवत सरकवत पोरगी एका शिकाऱ्याच्या खांद्यावरच्या काठीपाशी थांबली आणि म्हणाली, "आई, तिघं गेले आणि एकच कोल्हा? तोपण एवढुसा?" मग कुत्रे बघितले, माना खाली घालून चाललेत, म्हणजे शिकार काही झालेली नाही हे तिचं तिनेच शोधलं, मी एक शब्द बोलले नाही. पोराला खानावळीची पाटी सापडली, एका बाजूने निसटून लोंबकळतेय. त्यावरून दोघांचं भांडण, वाऱ्याने पडली का कुणी दुरुस्तच करत नाही. पुढे खाली गोठलेली तळी, त्यावर घसरणारी चिमुकली माणसं, पुलावरून मोळी घेऊन जाणारी बाई. अर्धा तास गेला, मोबाईल कुणी मागितला नाही हो!

वैताग एकच, प्रिंट फारच लहान. मूळ चित्र १६२ सेंटीमीटर रुंद आहे, व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये, आणि इथे वहीच्या पानाएवढं. लांबच्या घराच्या धुराड्याला आग लागलीये आणि लोक शिडी घेऊन धावलेत, ते आम्हाला शेवटी म्युझियमच्या साइटवर झूम करूनच दिसलं. दूरचं बघायला शिकवायचं आणि दूरचंच छापताना गिचमिड, याला काय अर्थय. वाळूचं घड्याळ पण नको होतं, ते उलटं केलं की मुलं चित्र सोडून वाळूच बघतात.

एक खेळ मात्र कार्डातलाच, तो चांगलाय. चित्र पालथं घालायचं आणि आठवून सांगायचं, मग परत उघडून ताडून बघायचं. मी तीन कुत्रे सांगितले, होते डझनभर. पोरं अजून चिडवतात.

एकंदर पाचपैकी तीन स्टार. पुठ्ठा चौथ्या दिवशी चुरगळला, आता बुटाच्या खोक्याचा कापलाय, तो जास्त टिकाऊ निघाला.