एचसी-एसआर५०१ पीआयआर मॉड्यूल : दिवे लावायला उत्तम, घर राखायला अपुरं

घरच्या घरी अलार्म जुळवायला घेतलं की हाती येणारा पहिला पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) बहुधा हाच. छोटासा सर्किट बोर्ड, वर पांढरा घुमट, कडेला तीन पिना. हालचाल ओळखण्याचं काम तो चोख करतो. पहाऱ्याचं काम मात्र अर्ध्यावर सोडतो.

आधी जोडणी. पिनांची नावं बऱ्याचदा घुमटाखाली दडलेली असतात. घुमट अलगद ओढला की निघतो, तेव्हा अंदाजाने वायर लावू नका. पुरवठा ५ व्होल्टचा द्या. बोर्डवरचा रेग्युलेटर आतल्या चिपसाठी त्याचे ३.३ व्होल्ट करतो, म्हणून बाहेरूनच ३.३ दिले तर सेन्सर लहरी वागतो. आउटपुट ३.३ व्होल्टचं असल्याने ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डला थेट चालतं. रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल ओढण्याइतका करंट मात्र त्यात नाही, मध्ये ट्रान्झिस्टर हवाच.

वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर तो उगाच एकदोनदा हालचाल दाखवतो. हा दोष नव्हे, सेन्सर स्थिरावत असतो. प्रोग्रॅममध्ये पहिली ६० सेकंदं दुर्लक्षित करा, नाहीतर वीज जाऊन आली की सायरन ठरलेला.

बोर्डवर फिरवायचे दोन पेच आहेत. एक पल्ल्याचा, साधारण ३ ते ७ मीटर. दुसरा आउटपुट किती वेळ चालू राहावं याचा, काही सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. अलार्मसाठी वेळ किमान ठेवा आणि सायरन किती वाजायचा ते कंट्रोलरवर सोडा. ५ मिनिटांवर ठेवलात तर त्या वेळात एक माणूस आला की तीन, आउटपुट सारखंच दिसतं. जंपर (बोर्डवरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) एचवर असेल तर प्रत्येक हालचालीला वेळ नव्याने मोजली जाते; एलवर ठरलेली वेळ संपली की आउटपुट बंद, समोर कोणी हलत असलं तरी. दिव्याला एच हवा, नाहीतर माणूस खोलीत असतानाच अंधार होतो. आउटपुट बंद झाल्यावर सुमारे अडीच सेकंद सेन्सर काहीच पाहत नाही, हेही हिशेबात धरा.

खोट्या अलार्मच्या तक्रारी या मॉड्यूलबद्दल सर्वांत जास्त, आणि त्यातल्या पुष्कळशा वायफायमुळे. ईएसपी बोर्ड सेन्सरला चिकटवून एकाच डबीत बसवला की प्रत्येक प्रक्षेपणाला आउटपुट उडू शकतं. दोघांत वीतभर तरी अंतर ठेवा, पुरवठ्याच्या पिनांवर १०० मायक्रोफॅरडचा आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अँटेना दुसऱ्या बाजूला वळवा. तरीही खोटे इशारे आले तर जागा तपासा : समोर हीटर, एसीचा झोत किंवा उन्हाने तापलेला हलता पडदा आहे का? घुमटावरून चालणारा कोळी सेन्सरला माणसाएवढाच मोठा.

जागा निवडताना एक गोष्ट पक्की धरा. आत शेजारीशेजारी दोन संवेदक असतात आणि त्यांच्यातला फरक मोजला जातो. त्यामुळे आडवा जाणारा माणूस एकदोन पावलांत सापडतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. दाराच्या बरोबर समोर नको. माणूस आडवा जाईल अशा कोपऱ्यात, दोन मीटरच्या आसपास उंचीवर, किंचित खाली झुकवून लावा. काचेमागे किंवा अॅक्रिलिकच्या डबीत लपवलात तर तो आंधळा होतो, कारण शरीराच्या उष्णतेची लांब लहरींची किरणं त्यातून पार होत नाहीत. घुमट पॉलिथिनचा असतो तो म्हणूनच. डबीला भोक पाडून घुमट बाहेर काढायचा. खोलीचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की शरीर आणि भिंत यांच्यातला फरक घटतो आणि पल्लाही आखडतो. मांजर-कुत्रा असेल तर या घुमटात त्यांना वगळण्याची सोय नाही.

आता खरी उणीव. हालचाल असेल तर आउटपुट चालू, नसेल तर बंद. म्हणजे वायर कापली, पिन निसटली, पुरवठा गेला, तरी कंट्रोलरला कळतं ते एवढंच : सगळं शांत आहे. चोराला याहून सोयीचं काय?

अलार्मसाठी बनवलेले १२ व्होल्टचे भिंतीवरचे डिटेक्टर नेमके इथे वेगळे पडतात. त्यांच्या रिलेचा संपर्क शांततेत जोडलेला असतो आणि हालचालीला सुटतो, त्यामुळे तुटलेली वायरही इशाराच ठरते. झाकण उघडल्यावर सुटणारा टॅम्पर स्विच वेगळा. म्हणून जिन्यातला दिवा, कपाटातला दिवा, मोबाइलवरची जादाची सूचना एवढं एसआर५०१कडे द्या. सायरन आणि मुख्य दार भिंतीवरच्या डिटेक्टरकडे. तो बसवताना लाइनच्या शेवटचा रेझिस्टर डिटेक्टरच्या आत लावून घ्या; त्याच्या मोजमापावरूनच पॅनेल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, वायर शाबूत आहे का ते ओळखतं. घाईत तो पॅनेलच्याच टर्मिनलवर पिळला जातो, आणि मग वाटेत दोन वायर एकमेकींना टेकवल्या तर पॅनेलला पत्ता लागत नाही.