बेळगावातलं न्यूरो हॉस्पिटल: डॉक्टर भारी, काउंटर वैताग

मामांना खानापूरहून इथं आणलं, मेंदूभोवती रक्तस्राव झालेला. डॉक्टरनी मराठीतनं नीट समजावलं की मेंदूभोवतीचं पाणी साधारण १५० मिली असतंय पण रोज ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतंय, जुनं रक्तात शोषलं जातंय, सांडलेल्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, काही सफाईवाल्या पेशी गिळतात आणि हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन म्हणजे पिवळं द्रव्य होतंय, म्हणून तर कंबरेतनं काढलेलं हेच पाणी पिवळट दिसत होतं. तो पिवळेपणा पक्का कळायला १२ तास तरी जावे लागतात म्हणे. निचऱ्याची वाट तुंबली की डोक्यात पाणी साठतंय, मग नळी घालायची पाळी, त्यामुळं सारखं लक्ष ठेवून होते. सिस्टर लोक एक नंबर! बिलिंगला मात्र ही रांग, फॉर्म नुसते कन्नड-इंग्लिश, पार्किंगचं तर नावच काढू नका. चार स्टार.