संमतीपत्रं कपाटात ठेवायची की टॅबवर घ्यायची?

धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या छोट्या दवाखान्यात औषधचाचणी सुरू व्हायची असली की हा प्रश्न येतोच. मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय, म्हणून लिहिते.

चाचणीच्या बाकीच्या फॉर्मवर रुग्णाचा फक्त कोड असतो. संमतीपत्रावर मात्र नाव, पत्ता, सही किंवा अंगठा, आणि औषधचाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांतल्या नमुन्याप्रमाणे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, नॉमिनीचं नावसुद्धा. माणूस पुरता ओळखू येतो तो याच कागदावर.

कागदाचे शत्रू ठरलेले: वाळवी, पावसाळ्यातली ओल आणि टेबलाच्या खणात पडलेली किल्ली. पण कुलूपबंद कपाटातला कागद एका वेळी एकाच्याच हाती लागतो, ही त्याची मोठी बाजू. कोड कुणाचा कोणता ही यादी मात्र त्याच कपाटात ठेवू नका. आणि फाइलवर आद्याक्षरं व गाव लिहू नका. तीसेक घरांच्या पाड्यात तेवढ्यावरून माणूस कळतो, आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक म्हणून नाव फुटलं तर पोरीचं लग्न अडतं.

टॅबवर कुणी कधी काय उघडलं याची नोंद आपोआप राहते, तारीख राहून जात नाही. पण धडगाव-तोरणमाळच्या बाजूला रेंज नसली की सगळं टॅबमध्येच साठून राहतं. तो एनक्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं वाचता येणार नाही असा, नसेल, किंवा चौघांचा पासवर्ड एकच असेल, तर त्या नोंदीला काही अर्थ नाही. टॅब हरवला तर एकदम साऱ्या शिबिराची नावं जातात.

आमच्या एका शिबिरात फॉर्म नीट भरलाय का हे विचारायला एकाने अंगठा उमटलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. लगेच डिलीट करायला लावला. किती फोनांत उरला, मला आजही सांगता येत नाही. कागद निवडलात तरी शिबिरात फोटोबंदी पाहिजेच.

व्हिडिओचं वेगळं आहे. नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत सहभागी दुर्बल गटातला, म्हणजे दबावाखाली होकार देण्याची शक्यता असलेला, असेल तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं आहे; एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज, चेहरा नाही. कागद निवडलेल्यांनाही त्या फाइल्स सांभाळाव्याच लागतात.

माझं मत: एक-दोनच अभ्यास असतील आणि कॉम्प्युटर सांभाळणारं कुणी नसेल, तर कागद. पाच-सहा गावांत एकदम काम असेल आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येत असेल, तर टॅब.

दोन अडचणी दोन्हीकडे सारख्याच. निरक्षर सहभागीसाठी लागणारा निष्पक्ष साक्षीदार त्याच पाड्यातला घेऊ नका. आणि सहभागीची प्रत. ती द्यावीच लागते, पण एका बाईने ती परत माझ्या हातात ठेवली होती, "हाई कागद माले नको" म्हणून. घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तिची प्रत आम्ही बंद पाकिटात, तिच्या कोडखाली, केंद्रावरच ठेवली, तशी नोंद केली, आणि कधीही येऊन घेऊन जा असं तिला सांगितलं.